ऐनवेळच्या विषयांत हाही एक घ्या : सोसायट्यांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील समस्त सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : गेटवर पाणी, बसायला जागा, स्वच्छतागृह आणि लिफ्ट मिळण्याबाबत.

स.न.वि.वि.

सभेची नोटीस आता कधीही निघेल. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे ऑगस्ट संपता संपता फलकावर तो ओळखीचा कागद लागतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंद, लेखापरीक्षकाची नेमणूक, गच्चीची गळती, पार्किंग आणि अगदी तळाला ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. त्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पार्किंगवरून दोघांचे आवाज चढून उतरलेले असतात आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. माझा विषय त्या शेवटच्या ओळीत घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. खुलं लिहिण्याचं कारण असं, की समितीच्या पेटीत टाकलेल्या पत्राची पोच मिळते, उत्तर मिळत नाही. शिवाय प्रश्न माझ्या एकटीच्या सोसायटीचा नाही.

संध्याकाळी फिरायला जाताना मला गेटवरच्या पाट्या वाचायची खोड लागली आहे. ‘फेरीवाले, विक्रेते व वर्गणी मागणारे यांना सक्त मनाई.’ ‘डिलिव्हरीवाल्यांनी पॅसेंजर लिफ्ट वापरू नये. वापरल्यास दंड आकारण्यात येईल.’ ‘घरकामगारांनी बागेतील बाकांवर बसू नये.’ ‘येथील स्वच्छतागृह फक्त सभासदांसाठी.’ पुण्याला पाट्यांची हौस जुनी आहे, ते मान्य. पण जुन्या पाटीत निदान लिहिणाऱ्याचा खवचटपणा तरी दिसायचा. दुपारी एक ते चार झोपणारा माणूस आपण झोपतो हे जगाला सांगत असे. या नव्या पाट्या कुणीच लिहिलेल्या नसतात. त्यांच्याखाली ‘आदेशावरून’ असतं.

आणि गंमत अशी, की ज्यांच्या आदेशावरून हे चाललं आहे त्या तुम्हाआम्हांला मी प्रवासात पाहिलेलं आहे. तिथे आपण असे नसतो.

नोकरीच्या काळात मी कल्याणहून मुंबईला लोकलने जात असे. त्या गर्दीला शिव्या देणं सोपं आहे आणि मीही भरपूर दिल्या आहेत. पण त्याच गर्दीत काही गोष्टी कुणी न सांगता चालतात. तीन जणींच्या बाकावर चौथी अर्धीमुर्धी टेकते आणि बाकीच्या तिघी कुरकुरत का होईना, सरकतात. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांत तर लांबून बसून आलेली बाई ठाणं आलं की आपण होऊन उठते आणि उभ्या असलेलीला म्हणते, ‘बस आता तू.’ नाव माहीत नसतं, गाव माहीत नसतं. चेहरा पाहिल्यासारखा वाटतो, तेवढीच ओळख. दारातून आत शिरलेल्या बाईची जड पिशवी डोक्यांवरून, हातोहात, रॅकपर्यंत पोचते आणि तिचं स्टेशन आलं की तशीच परत येते. मधल्या कुठल्या हाताने ती उघडून पाहिली असेल, अशी शंका कुणाला येत नाही. गाडी सुटत असताना धावत आलेल्यासाठी दारातून एक हात बाहेर येतो. तो हात कुणासाठी येतो, हे हात देणाऱ्याला ठाऊक नसतं. पुढे आलेला हात धरायचा, ओढायचं आणि मग ‘जरा लवकर निघत जा की घरातून’ असं सुनवायचं.

एसटीचंही तसंच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून या गाड्यांनी माणसं नेली तशा माणसांच्या वस्तूही नेल्या. तालुक्याच्या गावी खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांचे डबे सकाळच्या गाडीने यायचे. आई अंधारात उठून भाकरी थापायची, डबा फडक्यात घट्ट बांधायचा, वर नावाची चिठ्ठी, आणि बाप किंवा धाकटा भाऊ फाट्यावर जाऊन तो ड्रायव्हरच्या हवाली करायचा. ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणाजवळ, अशा डब्यांची चळत लागायची. स्टँडवर मुलं वाट बघत उभी असायची. एखादा पोरगा आला नाही तर ‘तो बरा आहे ना?’ म्हणून कंडक्टर इतरांना विचारायचा. या कामाचं त्या दोघांना महामंडळ काही देत नव्हतं. मराठवाड्यात, खानदेशात, पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात एक अख्खी पिढी अशा डब्यांवर शिकली आहे, आणि त्यातले बरेच जण आज तुमच्या समित्यांवर आहेत. सभेत ‘आम्ही फार कष्टातून वर आलो’ हे वाक्य ऐकू येतं, ते याच लोकांचं.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस घ्या. तिच्या वाटेवरच्या काही स्टेशनांवर लंगर येतो. सरावलेले प्रवासी घरूनच ताट-वाटी घेऊन निघतात. वाढणारा तिकीट विचारत नाही, की स्लीपरचा डबा आहे की एसीचा, हेही बघत नाही.

मोठ्या संकटांच्या कहाण्या मी इथे लांबवणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा छातीभर पाण्यातून चालत निघालेल्यांना खिडक्यांतून बिस्किटं आणि चहा देणारे हात सगळ्यांना आठवतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला, ट्रकांच्या रांगा लागल्या, आणि आजूबाजूच्या गावांनी परप्रांतातल्या ड्रायव्हरांना जेवू घातलं. हे सगळं खरं आहे, अभिमानाचं आहे. पण पूर आला की माणुसकी उफाळून येते, हे आता आपण इतक्यांदा सांगितलं आहे की जणू माणुसकी दाखवायला पुराची वाट बघावी लागते. माझा प्रश्न साध्या, कोरड्या मंगळवारी दुपारी दोन वाजताचा आहे.

त्याआधी वारीचं बोलू या, कारण ती तुमच्या गेटसमोरून जाते.

ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्कामाला असते, त्या दिवसांत पुणं ओळखू येत नाही. कुठे वारकऱ्यांचे पाय चेपले जातात, कुठे फुकट दाढी-कटिंग चालते, चप्पल शिवून मिळते, मोबाइल चार्ज करून मिळतो. जुन्या वाड्यांची दारं उघडतात, शाळांच्या वर्गांत पथाऱ्या पडतात. आपल्या सोसायट्याही मागे नसतात. समितीतर्फे फ्लेक्स लागतो, तरुण मुलं केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटतात, ज्येष्ठ नागरिक संघ चहाच्या पिंपापाशी बसतो, आणि तळमजल्याचं स्वच्छतागृह (तेच, ‘फक्त सभासदांसाठी’ असलेलं) दोन दिवस सताड उघडं असतं. दोन दिवसांत कुणाची चोरी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग हडपसरच्या गाडीतळापाशी दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात, एक दिवे घाटाने सासवडला निघते, दुसरी लोणी काळभोरला. आणि आपल्याकडे स्वच्छतागृहाला पुन्हा कुलूप लागतं.

आठवड्याभराने त्याच गेटवर बीडचा किंवा परभणीचा एक मुलगा पार्सल घेऊन येतो. त्याचा बाप वारीत होता. कदाचित गेल्या आठवड्यात आपल्याच चहाच्या पिंपापाशी बसून गेला असेल. मुलाच्या खांद्यावर पताका नाही, चौकोनी बॅग आहे, एवढाच काय तो फरक. त्याला आपण सांगतो, मागच्या जिन्याने जा.

आता मंगळवारची दुपार. ही मी रोज बघते, कारण माझी खिडकी गेटच्या बाजूला आहे. पाण्याचे जार पोचवणारा माणूस टेम्पोतून उतरतो. वीस लिटरचा जार खांद्यावर घेतो, मान एका अंगाला कलती. सर्व्हिस लिफ्ट बंद आहे; ती बंद असते तेव्हा तिच्या दारावर ‘काम चालू’ लिहिलेलं असतं आणि काम कधीच चालू नसतं. दुसरी लिफ्ट रिकामी उभी आहे. तो जिना चढतो. सातव्या मजल्यावर दार उघडतं, भरलेला जार आत जातो, रिकामा बाहेर येतो, दार लागतं. तो खाली येऊन टेम्पोच्या सावलीत उकिडवा बसतो, कारण बाकावर बसायचं नाही. वीस लिटर पाणी वर नेऊन दिलेल्या माणसाला आपल्या आवारात एक पेला पाणी कुठे मिळेल, हे सांगणारी पाटी मात्र आपण लावलेली नाही.

आमच्याच सोसायटीत घडलेली एक गोष्ट सांगते. नावं घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त जोडपं राहतं. एका एप्रिलमध्ये त्यांनी दाराबाहेर भिंतीला लागून एक लाकडी स्टूल ठेवलं. त्यावर नळाचा छोटा स्टीलचा पिंप, शेजारी उपडे घातलेले दोन पेले, बशीत गुळाचे खडे आणि वर जाळीचं झाकण. काकांच्या वळणदार अक्षरात एक कागद भिंतीला चिकटवलेला : ‘पाणी प्या. गूळ घ्या. बेल वाजवायची गरज नाही.’

ती शेवटची ओळ मला फार आवडली. उपकार घ्यायला कुणासमोर उभं राहायला लागू नये, आभार मानायचं ओझं पडू नये, याचा विचार त्या माणसाने केला होता. हळूहळू सगळ्यांना ते स्टूल ठाऊक झालं. कुरियरवाले, गॅस सिलिंडरवाले, मीटरचं रीडिंग घेणारा, लिफ्टच्या दुरुस्तीला आलेले. कोणी आले की पेला उचलायचे, मान मागे टाकून ओठांना न लावता वरून पाणी प्यायचे, पेला विसळून ते पाणी काकूंच्या तुळशीत ओतायचे आणि पेला होता तसा उपडा ठेवायचे. गुळाचा खडा बहुतेक जण एकच घेत.

मे महिन्यात समितीचं पत्र आलं. सामायिक मार्गिकेत खासगी वस्तू ठेवण्यास मनाई आहे, आगीच्या वेळी अडथळा होतो, सात दिवसांत हटवावे. नियम खरा आहे. जिना आणि पॅसेज मोकळा हवाच, त्याबद्दल माझा वाद नाही. पण त्याच मजल्यावर त्या दिवशी चपलांची दोन कपाटं होती, एक लहान मुलाची सायकल होती, दिवाळीचा आकाशकंदील ठेवलेलं खोकं होतं आणि कुणाचं तरी व्यायामाचं यंत्र होतं, ज्यावर टॉवेल वाळत असत. ती सगळी आजही आहेत. पत्र फक्त स्टुलाला आलं.

काका शिस्तीचे. त्यांनी स्टूल त्याच संध्याकाळी आत घेतलं. मग लेखी विचारलं, की तळमजल्यावर जिन्याच्या बाहेर, कुणाच्याही वाटेत न येणाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर चालेल का? तोंडी उत्तर आलं : ‘नको. पायंडा पडेल.’

अहो, पडू दे की! पायंडे पडतात म्हणून तर गावं चालतात. चैत्र लागला की वेशीवर, देवळासमोर, स्टँडच्या कोपऱ्यावर रांजण मांडून पाणपोई सुरू करायची, हा पायंडाच आहे. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान द्यायचा, हा पायंडा आहे. उन्हातून दारी आलेल्याला कोण, कुठला, हे विचारायच्या आधी गूळपाणी पुढे करायचं, हाही. जुन्या घरांना बाहेरच्या अंगाला ओटा असायचा आणि त्यावर वाटसरूने टेकलं तर घरमालकाला वाईट वाटत नसे. आपल्या इमारतींच्या आराखड्यांत ओट्याला जागा नाही. उलट कुठे माणूस टेकेलसं वाटलं की तिथे तिरकी फरशी बसवतात. २०१८ साली मुंबईत फोर्ट भागात एका बँकेने पायरीवर टोकदार खिळ्यांची पट्टी बसवली होती. लोकांनी फोटो काढून आरडाओरड केली आणि बँकेला ती काढावी लागली. आपल्याकडे फोटो कोण काढणार? पट्टी आपणच आपल्या मेंटेनन्सच्या पैशांतून बसवतो.

इथे मला एक अवघड गोष्ट लिहायची आहे आणि ती टाळून हे पत्र प्रामाणिक होणार नाही. सुरक्षा, शिस्त, स्वच्छता ही कारणं आपण देतो, पण पाणी मागितल्यावर वेगळ्या कपाटातून, कान तुटलेल्या कपात किंवा वापरून टाकायच्या ग्लासात पाणी देणारी घरं आपल्या सगळ्यांच्या माहितीतली आहेत. त्या स्टुलापाशी आलेला मुलगा पेला ओठांना न लावता वरून पाणी पितो, ते केवळ स्वच्छतेच्या शिकवणीतून आलेलं असेल असं मला वाटत नाही. कुणी तरी, कधी तरी, त्याच्या आजोबांना तसंच प्यायला लावलेलं असतं. याच शहरात, गंज पेठेत, १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य ठरवलेल्या लोकांसाठी खुला केला. फुलेवाड्यात जाऊन आजही तो पाहता येतो. तुमच्यापैकी अनेकांनी मुलांना सहलीला नेऊन दाखवलाही असेल. महाडला तर नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. ठराव कागदावर राहिला, तळ्याकाठी कुणी पाणी घेऊ दिलं नाही, आणि २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तिथे जाऊन ओंजळीने पाणी प्यावं लागलं. म्हणून नुसत्या ठरावावर माझं समाधान होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता तुमचे आक्षेप. ते मला ठाऊक आहेत, कारण ते मी जिन्यात ऐकलेले आहेत.

पहिला, सुरक्षेचा. आत येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो आपल्या गेटवरच्या ॲपमध्ये आहे, मोबाइल नंबर आहे, गाडीचा नंबर आहे, आल्याची वेळ आहे, गेल्याची वेळ आहे. माझ्या सख्ख्या मावसभावाची एवढी माहिती माझ्याकडे नाही. आणि लिफ्टऐवजी जिन्याने पाठवल्याने चोरी कशी टळते, हे मला कुणी तरी समजावून सांगावं. मजल्यामजल्यावरून चालत जाणाऱ्याला उलट जास्त दारं दिसतात.

दुसरा, पाण्याचा. उन्हाळ्यात आपण टँकर मागवतो, आपल्यालाच पुरत नाही तर बाहेरच्यांना कुठून, असं खजिनदार म्हणतात. हिशेबच करू. एक पेला म्हणजे २०० मिलिलिटर. दिवसाला शंभर माणसं प्यायली तरी २० लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर या दराने पाचशे दिवस पुरेल. रविवारी सकाळी पाइप लावून जी मोटार धुतली जाते तिचं पाणी मोजायला मी खुर्ची टाकून बसायला तयार आहे.

तिसरा, जबाबदारीचा. ‘उद्या पाणी पिऊन कुणाला काही झालं, बाकावर बसून कुणाला चक्कर आली, तर कोण निस्तरणार?’ ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. रस्त्यावर अपघात झालेल्याला उचलायला लोक याच भीतीने कचरत असत, पोलीस आणि कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून. त्यावर ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्याला आता त्यासाठी कोर्टात खेचता येत नाही, स्वतःचं नाव सांगायचीही त्याच्यावर सक्ती नाही. रक्तबंबाळ माणसाला गाडीत घालून दवाखान्यात नेणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा आहे. आपण माठ ठेवायला वकिलाचा सल्ला मागतो आहोत.

चौथा आक्षेप स्वच्छतागृहाचा : घाण करतात. काही जण करतात, हो. सभासदही करतात, क्लब हाउसच्या स्वच्छतागृहाची अवस्था ढोल-ताशाच्या सरावाच्या दिवसांत जाऊन पाहावी. पण पल्स पोलिओच्या मोहिमेत घरोघर फिरणाऱ्या आशाताई, मतदार यादीचे कागद घेऊन येणाऱ्या शिक्षिका, पार्सल घेऊन स्कूटीवर हिंडणाऱ्या मुली, दिवसभरात पाच घरी काम करणाऱ्या बायका यांनी जायचं कुठे? सोय नाही म्हणून त्या पाणी पीत नाहीत. एका तरुण मुलीने मला हे जिन्यात उभ्या उभ्या अगदी सहज सांगितलं : ‘कामावर असताना पाणी नाही पीत मी, काकू. सवय झालीये.’

एक गोष्ट मी मान्य करते. माठाने कुणाचा पगार वाढत नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार (कायमची नोकरी नाही, कामागणिक पैसे) असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. त्यांचा विमा, कामाचे तास, अपघाताची भरपाई हे प्रश्न सरकारने आणि कंपन्यांनी सोडवायचे आहेत, ते सोसायटीच्या गेटवर सुटणार नाहीत. पाण्याचा पेला पुढे करून आपण त्या मोठ्या देण्यातून मोकळे होतो, असं कुणी समजू नये. पण गेट आपलं आहे. तिथे काय लिहायचं, हे ठरवायला मंत्रालयात जावं लागत नाही.

तेव्हा माझं मागणं असं. गेटच्या आत, केबिनच्या सावलीत, नळ असलेला मोठा माठ तिवईवर ठेवावा, रोज सकाळी घासून भरावा. उघडा माठ असेल तर लांब दांड्याचं ओगराळं हवं, पाण्यात हात बुडायला नको. पेले स्टीलचे, आणि सभासदांनीही फिरून आल्यावर त्याच पेल्याने पाणी प्यावं. ही अट मी मुद्दाम घालते आहे. माठाशेजारी एक साधा बाक, पाठ असलेला. तळमजल्याच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढावं, साफसफाईची एक फेरी वाढवावी, आणि ते कुठे आहे याचा बाण गेटवरून दिसेल असा रंगवावा. लिफ्टमधली पाटी काढावी. सिलिंडर, फर्निचर यांसाठी सर्व्हिस लिफ्ट राहू दे, पण ती बंद असेल त्या दिवशी माणूस ओझं घेऊन जिना चढणार नाही, एवढं वॉचमनला स्पष्ट सांगावं, म्हणजे त्याला कुणाची बोलणी खावी लागणार नाहीत.

वॉचमनवरून आठवलं. त्याची खुर्ची परत द्या. ‘बसला की झोपतो’ म्हणून ती काढली, हे मला माहीत आहे. बारा तासांची ड्यूटी असते. तुम्ही बारा तास उभे राहून दाखवा, मग बोलू. आणि एजन्सीने माणूस बदलला की नवीन माणसाचं नाव फलकावर लिहा. आपल्या नव्याण्णव टक्के सभासदांना गेट उघडणाऱ्याचं नाव माहीत नसतं (हा आकडा माझा, अंदाजे, आणि मला तो कमीच वाटतो).

‘सगळेच येऊन बसतील’ ही जी शेवटची धास्ती आहे, तिच्यावर उपाय एकच. तीन महिने करून बघा. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत. वहीत रोजची नोंद ठेवा, हवं तर सीसीटीव्ही बघा. बाकाचा अड्डा झाला, माठ चोरीला गेला, लिफ्टमध्ये कुणी थुंकलं, तर पुढच्या सभेत मला उभं करून विचारा.

खर्चाचं म्हणाल, तर माठ आणि ओगराळं मी कुंभारवाड्यातून आणून देते, त्याची पावती मागणार नाही. तिवई दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे तयारच आहे. पाट्या काढल्यावर भिंतीला स्क्रूची भोकं राहतील आणि तेवढा रंग उडेल. तिथे पुट्टी भरून हात मारायचा खर्च दुरुस्ती निधीतून करावा.

कळावे,

आपली,
एक सभासद
(देखभाल शुल्काची थकबाकी : निरंक)